माळरानावरचे मेळावे

खेड्यावर लिहिणाऱ्या लेखकाला माणूस एकटा गाठणे सोपे जाते. बांधावर बसलेला कर्जबाजारी शेतकरी, चुलीपुढे पदराने डोळे टिपणारी त्याची बायको, शहराकडे निघालेला मुलगा, अशी माणसे एकेकटी सापडली की त्यांचे दुःख कागदावर उतरवता येते. पण तीच माणसे एखाद्या संध्याकाळी धुवट कपडे घालून एका छपराखाली जमली, त्यांनी गाणी म्हटली, ठराव मांडले, पंगत केली, की लेखणी अडखळते. सगळ्यांचे मिळून वर्णन करावे तर ते जत्रेच्या वृत्तान्तासारखे होते. एकेकाचे करावे तर मेळावा हातून निसटतो. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी शाळा शिकवतो. ही अडचण माझ्या रोजच्या ओळखीची आहे. त्यामुळे ज्या एका अमेरिकन लेखकाने आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या एकत्र येण्याकडे तीन वेळा, तीन निरनिराळ्या रीतींनी पाहिले, त्याच्याविषयी या दिवाळीत चार शब्द लिहावेत असे मनात आले. त्याचे नाव हॅम्लिन गार्लंड.

आपल्याकडे हे नाव फारसे कोणी घेत नाही. त्याच्या देशातही त्याची आठवण आता मंद झाली आहे. गार्लंड १८६० साली विस्कॉन्सिन राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. वडिलांच्या पायाला भिंगरी. नवी जमीन ऐकली की ते घरदार गाडीत घालून पश्चिमेकडे निघत. मुलाचे बरेचसे बाळपण आयोवा राज्यातल्या ओसेज गावाजवळच्या माळरानावर गेले. १८८१ साली कुटुंब डाकोटाकडे सरकले आणि १८८४ साली हा तरुण उलट दिशेने, पूर्वेला बोस्टनला, लेखक व्हायला गेला. तेथून परत घरी आला तेव्हा आईचे खंगलेले शरीर पाहून त्याला जो धक्का बसला, त्यातून १८९१ सालचा ‘मेन ट्रॅव्हल्ड रोड्स’ हा कथासंग्रह निघाला. पुढच्याच वर्षी ‘ए स्पॉइल ऑफ ऑफिस’ ही कादंबरी आली. मग पंचवीस वर्षांनी, १९१७ साली, ‘ए सन ऑफ द मिडल बॉर्डर’ हे आत्मचरित्र. त्याच्या पुढल्या भागाला १९२२ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९४० साली तो वारला.

या तिन्ही पुस्तकांत काय आहे हे सांगण्याआधी ज्या संस्थेच्या मेळाव्यांत हा मुलगा वाढला तिची ओळख करून दिली पाहिजे. ‘ग्रेंज’ हा जुना इंग्रजी शब्द. धान्याचे कोठार किंवा शेतवाडी असा त्याचा अर्थ. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर सरकारच्या शेतकी खात्यातला ऑलिव्हर हडसन केली नावाचा एक कारकून १८६६ साली दक्षिणेकडची शेती पाहण्यासाठी पाठवला गेला. उत्तरेकडच्या माणसाला तेथे कोण दारात उभे करणार? पण केली फ्रीमेसन होता, आणि त्या बंधुत्वाच्या नात्याने त्याला परक्या मुलखातही घरे उघडी झाली. त्यावरून त्याच्या मनाने घेतले की शेतकऱ्यांचेही असे एखादे बंधुमंडळ असावे. त्याची भाची कॅरोलाइन हॉल हिने सुचवले की त्यात बायकांना पुरुषांच्या बरोबरीने घ्यावे. ४ डिसेंबर १८६७ रोजी वॉशिंग्टन येथे संस्था स्थापन झाली. नवी शाखा काढायची तर नऊ पुरुष आणि चार स्त्रिया लागत. धान्य, फळे आणि फुले यांच्या रोमन देवतांच्या, म्हणजे सीरीझ, पोमोना आणि फ्लोरा यांच्या, नावांची पदे स्त्रियांसाठी राखलेली असत. अमेरिकेतील सर्व स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १९२० सालची आहे. त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी या शेतकरणी आपल्या सभेत मत देत होत्या!

प्रत्येक शाखेत ‘लेक्चरर’ नावाचा एक अधिकारी असे. प्रत्येक सभेला काहीतरी वाचन, निबंध, गाणे, वादविवाद ठेवणे हे त्याचे काम. १८७५ च्या सुमारास सभासदांची संख्या साडेआठ लाखांच्या आसपास पोहोचली. जेथे पैसा जमला तेथे सभागृहे उठली. न्यू इंग्लंडच्या खेड्यांतून ती अजून दिसतात: पुष्कळ ठिकाणी खाली स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा, वर सभा आणि नाचासाठी लाकडी तक्तपोशीचे दालन, एका टोकाला रंगमंच, आणि त्याच्या रंगवलेल्या पडद्यावर नदीच्या देखाव्याभोवती गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती. जेथे सभागृह नव्हते तेथे शाळेची खोली होतीच. गार्लंडच्या माळरानावर हिवाळ्यातल्या सभा शाळेतच भरत.

आता त्याच्या कथा पाहा. ‘मेन ट्रॅव्हल्ड रोड्स’ वाचताना प्रथम जाणवते ते हे की या माळरानावर कोणी कोणाला भेटत नाही; आणि भेटलेच तर ती भेट पोळते. ‘ए ब्रँच रोड’ या कथेत मळणीचा दिवस आहे. यंत्र घरघरते आहे, शेजारपाजारचे गडी कामाला आले आहेत, दुपारी मोठी पंगत बसली आहे. आपल्याकडच्या वाचकाला वाटावे, आता खेळीमेळी होणार. पण त्या पंगतीतल्या आचरट थट्टेनेच नायकाचे डोके फिरते आणि तो आपल्या आवडत्या मुलीला तोडून निघून जातो. सात वर्षांनी परत येतो तेव्हा तिच्या संसाराची माती झालेली असते. ‘अप द कूली’ या कथेत शहरात नावारूपाला आलेला भाऊ घरी परततो. एका संध्याकाळी शेजारी जमतात, एक म्हातारा व्हायोलिन वाजवतो, आणि त्या सुरांनी माणसे जवळ येण्याऐवजी जो तो आपापल्या दुःखात बुडून जातो. ‘मिसेस रिप्लीज ट्रिप’ मधली म्हातारी तर माहेरच्या माणसांना एकदा भेटावे म्हणून वर्षानुवर्षे पै पै साठवते, जाऊन येते, आणि परतल्यावर पुन्हा तेच ओझे निमूटपणे खांद्यावर घेते.

या काळोखात एकच उजेडाची जागा आहे, ती ‘द रिटर्न ऑफ अ प्रायव्हेट’ या कथेत. युद्धाहून परतणारा शिपाई पायी घर गाठतो आहे. तिकडे त्याची बायको धीर खचून मुलांना घेऊन रविवारी एका विधवा शेजारणीकडे जेवायला गेली आहे. त्या म्हातारीचे भरलेले घर, वाकलेले टेबल, पोरांचा गलका, जेवणानंतर पेल्यातल्या चहाच्या पत्तीवरून सांगितलेले भविष्य, हे सारे गार्लंडने अशा मायेने लिहिले आहे की पान उलटवू नये असे वाटते. येथे मेळावा कोणी बोलावलेला नाही. तो एका बाईच्या हाताच्या सढळपणातून झालेला आहे.

हा शिपाई म्हणजे गार्लंडचा बापच. त्याच्या घरी बायकोमुलांइतकीच त्याची वाट पाहणारी आणखी एक गोष्ट आहे: शेतावरचे गहाण. हे वाचताना मराठी वाचकाने थोडे थांबावे, कारण ते युद्ध आपल्या काळ्या मातीलाही शिवून गेले आहे. १८६१ ते १८६५ या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सैल हाताने कर्जे दिली. युद्ध संपले आणि भाव कोसळला. कर्ज तेवढे उरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी जमले ते सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळायला. त्याच वर्षी गार्लंडच्या मुलखात ग्रेंजची भरती कळसाला पोहोचली होती. तिकडच्या शेतकऱ्याचा राग रेल्वेच्या दरांवर आणि धान्याच्या कोठीवाल्यांवर. पण त्याच्यापाशी मत होते, शाळेची खोली होती आणि महिन्याची सभा होती. आपल्या कुणब्यापाशी यांतले काही नव्हते. म्हणून त्याचा मेळावा एका दिवसात पेटला आणि पोलीस येताच पांगला. एकत्र बसायला जागा असणे ही चैन नव्हे, हे या दोन चित्रांवरून पटावे.

आता कादंबरीकडे वळू. ‘ए स्पॉइल ऑफ ऑफिस’ ग्रेंजच्या वनभोजनानेच सुरू होते. ब्रॅडली टॅलकॉट हा मजुरीवर राबणारा गडी गर्दीत उभा आहे. व्यासपीठावर आयडा विल्बर ही तरुण व्याख्याती उभी राहते, बोलते, आणि या गड्याचे आयुष्य त्या क्षणी वळण घेते. तो शिकतो, वकील होतो, विधिमंडळात जातो, पुढे वॉशिंग्टनला पोहोचतो आणि तेथले राजकारण पाहून विटतो. आरंभ सुंदर आहे. एका राबणाऱ्या माणसाला आपल्याला मन आहे याचा शोध सभेत लागावा, हे किती खरे आहे! पण ते वनभोजन मागे पडते ते पडतेच. डबे उघडून बसलेली कुटुंबे, झाडाखाली निजलेली पोरे, बैठकीच्या कडेला उभे राहून ऐकणारे म्हातारे यांची लेखकाला पुढे गरज उरत नाही. मेळावा ही नायकाची शिडी झाली. तो वर चढला आणि लेखकाने शिडी काढून घेतली.

याहून मोठा दोष मला वेगळाच दिसतो. ग्रेंजने १८७४ साली सेंट लुई येथे आपले जे जाहीर धोरण ठरवले, त्यात पक्षीय राजकारणाला सभेत मज्जाव केलेला होता. सभासदाने बाहेर हवे ते करावे. सभेत मात्र पक्ष आणि पंथ दाराबाहेर ठेवावेत. दोन शेजारी निवडणुकीत एकमेकांविरुद्ध असले तरी महिन्यातून एकदा एका बाकावर बसू शकले ते या नियमामुळे. यात केवढे नाट्य आहे! मनात राग धुमसतो आहे, ओठ मिटलेले आहेत, आणि समोर शेजाऱ्याच्या मुलीचे गाणे चालले आहे. कादंबरीकाराला याहून अधिक काय पाहिजे? पण गार्लंड त्या वेळी स्वतः चळवळीत उतरलेला होता. त्याला मिटलेल्या ओठांपेक्षा उघडी भाषणे हवी होती. कादंबरीत भाषणे पुष्कळ आहेत. माणसे हळूहळू पातळ होत जातात.

तिसरे पुस्तक पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचे आहे, आणि त्यात गार्लंडला मेळावा सापडला आहे. दर वर्षी १२ जूनला भरणाऱ्या ग्रेंजच्या वनभोजनाचे त्याने केलेले वर्णन मी पुष्कळदा वाचले आहे. एकेका शाळेच्या टापूतली मंडळी गाड्या जोडून निघतात. पुढे बायकांनी भरतकाम केलेला आपल्या शाखेचा ध्वज. प्रत्येक चव्हाट्यावर आणखी एक रांग येऊन मिळते. रांग लांबत जाते, आणि नदीकाठच्या राईजवळ पोहोचेपर्यंत साऱ्या उत्तर भागाचा एकच ओघ झालेला असतो. हे वर्णन यशस्वी का झाले याचा विचार करण्यासारखा आहे. गार्लंडने येथे गर्दी उभी केली नाही. गर्दी कशी होते ते दाखवले. एक घर, मग दोन, मग पाच. प्रत्येक गाडी आपला एकांत मागे टाकून येताना आपल्याला दिसते. कथांतल्या त्या पोळलेल्या, मुक्या घरांतूनच या गाड्या निघाल्या आहेत, हे ज्याने कथा वाचल्या त्याला वेगळे सांगावे लागत नाही. एकटेपणा आणि मेळावा ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत, हे लेखकाला पंचवीस वर्षांनी गवसले.

त्याच पुस्तकात हिवाळ्यातल्या शाळेतल्या सभांचीही आठवण आहे. वादविवाद, गाणी, निबंध, आणि शेवटी कालवांचे जेवण. कोकणातल्या वाचकाला कालवे म्हणजे दाराशीची गोष्ट. पण आयोवा समुद्रापासून हजार मैलांवर. तेथे कालवे येत ती पूर्वेच्या किनाऱ्यावरून, डब्यांत किंवा पिंपांत भरून, आगगाडीने. म्हणजे ज्या रेल्वे कंपन्यांच्या दरांवर शेतकरी संध्याकाळभर तोंडसुख घेत, त्यांच्याच गाडीने आलेला घास रात्री आनंदाने खात! गार्लंड या गमतीवर बोट ठेवत नाही. पण त्याने तपशील प्रामाणिकपणे नोंदला, म्हणून आपल्याला ती दिसते. बारीक तपशील खरा असला की तो लेखकाच्या माघारीही बोलत राहतो.

मग या तिसऱ्या पुस्तकातही काय राहून गेले? मला वाटते, स्वयंपाकघर राहिले. ध्वजावर बायकांचे भरतकाम गार्लंडला दिसले, कारण ध्वज मिरवणुकीच्या पुढे होता. चुलीपाशी उभ्या असलेल्या बायका त्याला तितक्याशा दिसल्या नाहीत. मी शाळामास्तर आहे. रात्री शाळेत सभा झाली की सकाळी खोली कशी दिसते ते मला माहीत आहे. बाके कोण सरकवतो, कंदील कोण घासून ठेवतो, उष्टी भांडी कोण धुतो, आणि घंटा होण्याआधी सारे जागच्या जागी कोण नेतो, यावर कुठलीही सभा उभी असते. मळणीच्या पंगतीत आणि विधवा शेजारणीच्या घरात हे हात ज्याला दिसले होते, त्याला ग्रेंजच्या सभेत ते का दिसू नयेत? कदाचित मेळाव्याची आठवण मुलाच्या डोळ्यांची आहे म्हणून; आणि पंगतीला बसलेल्या मुलाला वाढणारा हात दिसला तरी मागची चूल दिसत नाही.

दुसरे असे की कोण आले हे सांगताना कोण आले नाही हेही लेखकाने सांगावे. दक्षिणेत ही बंधुमंडळी गोऱ्यांपुरतीच राहिली. पुढे आलेल्या शेतकरी संघटनेनेही काळ्या शेतकऱ्यांना बाहेर ठेवले, म्हणून त्यांना १८८६ साली टेक्सासमध्ये आपली वेगळी संघटना काढावी लागली. गार्लंडच्या माळरानावर हा प्रश्न समोर उभा नव्हता हे खरे. पण साऱ्या शेतकरी वर्गाचे गाणे गाणाऱ्याने दाराकडेही एक नजर टाकायला हवी होती.

असे असूनही या लेखकाचा आपल्यावर एक उपकार आहे. इतिहासाची पुस्तके ग्रेंजचे मोजमाप कायद्यांनी करतात. धान्याच्या कोठारांचे दर ठरवण्याचा राज्यांचा अधिकार वरिष्ठ न्यायालयाने १८७७ साली मान्य केला. १८८७ साली रेल्वेवर देखरेख ठेवणारा कायदा झाला. १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल सुरू झाले. जमेच्या बाजूला एवढे. खर्चाच्या बाजूला बुडालेली सहकारी दुकाने, आयोवात काढून पाहिलेला आणि फसलेला कापणीयंत्राचा कारखाना, आणि पाचच वर्षांत ओसरलेली सभासदसंख्या. हा हिशेब गार्लंडला परका नव्हता. त्याचे वडील काही काळ ग्रेंजतर्फे ओसेजला धान्यखरेदीचे काम पाहत होते, तेव्हा वजनकाटा आणि वहीखाते त्याने घरातच पाहिले. तरीही लिहिताना त्याने पारड्यात टाकली ती १२ जूनची गाड्यांची रांग. शेतावरच्या एकाकी आयुष्यातून माणसांना एक दिवस बाहेर काढले, हेच त्याने या संस्थेचे मोठे काम मानले. दर घसरले की वाढले हे पुढे सरकारी कागदांत सापडेल. पण दहा मैलांवरच्या बाईला त्या दिवशी बोलायला दुसरी बाई मिळाली, हे सांगणारा साक्षीदार लेखकच.

आपल्या ग्रामीण वाङ्मयाच्या चर्चेत संघर्ष हा शब्द फार ऐकू येतो. संघर्ष नाही तेथे कथा नाही असे आम्ही मास्तर मंडळी मुलांनाही शिकवतो. त्या कसोटीला वनभोजनाचे ते पान उतरणार नाही. तेथे कोणी कोणाशी भांडत नाही. तरी ते पान मनात घर करते, कारण त्या गाड्या संध्याकाळी पुन्हा फुटून आपापल्या अंधाऱ्या घरांकडे जाणार आहेत हे आपल्याला ठाऊक असते. आनंदाच्या प्रसंगात एवढी जाणीव पुरेशी आहे. तेथे खलपुरुष आणून उभा करण्याचे कारण नाही.

गार्लंडची पुस्तके स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झाली आहेत आणि सहज मिळतात. ज्यांना इंग्रजीची गोडी आहे त्यांनी आधी ‘द रिटर्न ऑफ अ प्रायव्हेट’ वाचावी, घरातल्या वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावी. फराळाच्या ताटाभोवती ती चांगली रंगेल. मग आत्मचरित्रातला ग्रेंजचा भाग. कादंबरी सवडीने वाचली तरी चालेल, पण तिचे पहिले प्रकरण सोडू नये. आणि ताटे उचलायची वेळ आली की वाचणाऱ्यानेच उठावे.